कमिटीसाठी झाडलेले कोपरे

"मॅडम, भिंतीला हात लावू नका, रंग ओला हाय!" हुसेनमामू शिडीवरूनच ओरडले.

मी व्हरांड्याच्या तोंडाशी थबकले. भिंती पिस्ता रंगाने चकाकत होत्या, खिडक्यांच्या काचा पुसलेल्या होत्या, कुंड्यांना गेरू लागला होता. आमचं कॉलेज इतकं देखणं मी कधी पाहिलं नव्हतं. मग मी वर बघितलं. छत कोरं करकरीत होतं. एका कोपऱ्यातसुद्धा एक धागा म्हणून शिल्लक नव्हता.

"मामू, वरची कोळिष्टकं कुठं आहेत?"

"काढली की! सकाळपास्नं तेच चाललंय. सायबांनी सांगितलं, उद्या कमिटी यायची, कोपरान्‌कोपरा झाडून घ्या. तुमची लॅब तर सगळ्यात आधी घेतली."

"आणि कोळी?"

"तोबा तोबा, मारले न्हाईत बरं का. सुपात धरले आन्‌ मागं निवडुंगात नेऊन सोडले, पांगले बी कवाच." मामू शिडीवरून माझ्याकडे हसून बघत होते. शाबासकीची वाट पाहत होते बिचारे.

शाबासकी कसली देणार? ती कोळिष्टकं हेच माझं संशोधन होतं आणि ते बघायलाच कमिटी येणार होती.

कासारी हे सोलापूरपासून एसटीनं दोन-अडीच तासांवरचं तालुक्याचं गाव. तिथल्या बागवान मंडळींनी फळांच्या धंद्यातून वर्गणी काढून मुलींसाठी कॉलेज उभं केलं होतं. मुली बहुतेक आमच्याच समाजाच्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या. मी, तहसीन अत्तार, तिथं प्राणिशास्त्र शिकवायला लागून दुसरंच वर्ष होतं. वर्गात बाकं होती, लॅबमध्ये दोन मायक्रोस्कोप होते, त्यातल्या एकातून दिसायचं. संशोधन वगैरे इथं होत नसतं, असं माझ्या भावाचं ठाम मत होतं. त्याने पुण्यात एका औषध कंपनीत माझ्यासाठी नोकरी बघून ठेवली होती आणि दर रविवारी फोन करून "कधी येतेस?" विचारायचा.

तेवढ्यात एक योजना निघाली. अल्पसंख्याकांच्या आणि आडबाजूच्या कॉलेजांत नव्याने लागलेल्या प्राध्यापकांना संशोधनासाठी तीन वर्षांचं अनुदान, आणि जोडीला हात धरून शिकवणारा एक अनुभवी मार्गदर्शक. मी भावाला सांगून टाकलं, "हे मिळालं तर मी इथंच राहणार. नाही मिळालं तर जूनमध्ये पेटी घेऊन तुझ्या दारात." तो म्हणाला, "पेटी भरायला घे."

मार्गदर्शक म्हणून माझ्या वाट्याला आल्या डॉ. शालिनी उपळेकर. पुण्याच्या एका संस्थेतून निवृत्त झालेल्या, आयुष्यभर कोळ्यांवर काम केलेल्या. शिडशिडीत बांधा, आखूड केस, खांद्याला शबनम पिशवी, आणि बोलणं असं की समोरच्याने आपोआप ताठ बसावं. पहिल्या भेटीला त्या कासारीला आल्या तेव्हा मी त्यांच्यापुढे माझा प्रस्ताव ठेवला. चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा माशांच्या यकृतावर होणारा परिणाम. तेव्हा जो तो त्या कणांच्याच मागे होता. मॅडमनी दोन पानं वाचली.

"चांदीचे कण कुठून आणणार?"

"मागवू, मॅडम."

"मासे?"

"सोलापूरहून."

"म्हणजे कण बाहेरचे, मासे बाहेरचे आणि कल्पनाही बाहेरचीच. यात तुमचं काय आहे, तहसीन?"

मला असा राग आला की विचारू नका. मॅडमनी खुर्चीवर मान मागे टाकली आणि स्टाफरूमच्या छताकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, प्रवासाने दमल्या असतील.

"हे एवढे कोळी इथे कसे?" त्यांनी विचारलं.

"आमच्यात कोळी मारत नाहीत, मॅडम. पैगंबरसाहेब गुहेत लपले होते तेव्हा कोळ्याने दारावर जाळं विणलं आणि शत्रू तसेच माघारी गेले, म्हणून. जाळं झाडतात, कोळ्याला सोडून देतात. आणि आमच्या कॉलेजात झाडायचाही कंटाळा."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "आणि डास?"

"गावात ढिगाने. गेल्या पावसाळ्यात घरटी एक माणूस डेंग्यूने पडला होता. इथं मात्र..." मी बोलता बोलता थांबले. इथं मात्र कधी कुणी डास मारताना मी पाहिलं नव्हतं.

असा माझा विषय ठरला. लांब पायांचा घरकोळी खोलीतले डास किती कमी करतो? त्या दिवसापासून मॅडम मला 'अगं तहसीन' म्हणू लागल्या आणि दर गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायला लागला. फोनवर कौतुक नाही, उपदेश नाही, एकच प्रश्न. "या आठवड्यात काय पाहिलंस?" मी व्हरांड्याच्या, वर्गांच्या, लॅबच्या कोपऱ्यांना पेन्सिलने नंबर दिले. एकेका कोळ्याच्या पायावर नेलपॉलिशचा ठिपका दिला, डासांचे सापळे लावले, शिडीवर चढून चढून गुडघे फोडून घेतले. मुली मला 'कोळीवाल्या मॅडम' म्हणायला लागल्या. प्रस्ताव पहिल्या चाळणीतून पार पडला. आता कमिटी प्रत्यक्ष जागेवर येऊन चालू काम बघणार होती आणि त्यावरच निकाल लागणार होता.

आणि आदल्या दिवशी हे असं झालं.

मी तडक प्राचार्यांच्या खोलीत घुसले. इनामदार सर टेबलावर शाली पसरून कुठली कुणाला शोभेल ते बघत होते. मनाने अत्यंत मोठा माणूस, पण पाहुणा येणार म्हटलं की त्यांना दुसरं काही सुचत नसे.

"सर, तुम्ही माझं संशोधन झाडून टाकलंत!"

"काय झालं, बेटा? बसा, बसा. पाणी घ्या."

"ती कोळिष्टकं म्हणजेच माझं काम होतं, सर. उद्या कमिटी तेच बघायला येणार आहे!"

सरांच्या हातातली शाल खाली पडली. "पण मला वाटलं, तुमचं संशोधन वहीत असेल."

"तुम्ही प्रस्तावावर सही केली होतीत ना?"

"सही केली, बेटा. वाचला असं कुठं म्हटलं मी?" ते कासावीस झाले. "मागच्या कमिटीने शेरा मारला होता, 'स्वच्छतेकडे लक्ष द्यावे'. तो शेरा माझ्या काळजाला लागलाय. म्हटलं, या वेळी तुमच्यासाठी तरी बोट ठेवायला जागा नको. तुमच्यासाठीच केलं हो सगळं!"

त्यांचा चेहरा इतका पडला की मला धड भांडताही येईना. कमिटीला नंतर कधीतरी या म्हणण्याची सोय नव्हती, त्यांचा आठवडाभराचा दौरा ठरलेला. मी लॅबमध्ये गेले, दार लोटलं आणि त्या स्वच्छ, सुंदर, निरुपयोगी छताखाली बसून मनसोक्त रडले. मध्येच दार किलकिलं झालं. दुसऱ्या वर्षाची शबनूर मुजावर आत डोकावत होती. वर्गात माझ्यापेक्षा जास्त बोलणारी पोरगी. तिने माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि एक अक्षर न बोलता नाहीशी झाली. मला वाटलं, घाबरली.

मॅडम त्या दिवशी संध्याकाळच्या एसटीने उतरल्या. मी स्टँडवरच सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, रागावतील, निदान काही युक्ती तरी सांगतील. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. माझ्या खोलीवर आल्यावर त्यांनी वरण-भात खाल्ला, ताट स्वतः धुतलं.

"मॅडम, उद्या काय सांगायचं?"

"जे झालं ते."

"मग अनुदान गेलंच."

"जाईल बहुधा," त्या म्हणाल्या. "पण खोटं बोलून मिळालेलं अनुदान तीन वर्षं सांभाळणं फार जड जातं, तहसीन. मी सांभाळणारे पाहिलेत." आणि कुशीवर वळून झोपी गेल्या. असा धीर देणारी मार्गदर्शक वैऱ्यालाही मिळू नये, असं मनातल्या मनात म्हणून मीही दिवा मालवला.

सकाळी आम्ही कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तर आत ही गर्दी. मुली नेहमीपेक्षा तासभर आधी आल्या होत्या. बुरखे, ओढण्या, दप्तरं, आणि प्रत्येकीच्या हातात काही ना काही. लोणच्याच्या बरण्या, हिंगाच्या डब्या, मेंदीचे कोन येतात ते पुठ्ठ्याचे डबे, मिठाईचे खोके, झाकणाला भोकं पाडलेल्या बाटल्या. एकीने तर दूधवाल्याची किटलीच आणली होती. सगळ्यांच्या पुढे शबनूर, कमरेला ओढणी खोचून, लग्नघरातल्या करवलीच्या थाटात.

"मॅडम, रडायचं न्हाई आता," ती म्हणाली. "कोळी आणलेत. काल घरोघर सांगून आले मी. प्रत्येकीनं आपापल्या घरचे धरलेत. जित्ते हायेत सगळे."

मला हसावं की पुन्हा रडावं ते कळेना. अख्ख्या कासारीतले कोळी माझ्या दारात हजर झाले होते.

"आमच्या अम्मीनं स्वतः धरून दिला, मॅडम. म्हणाली, कॉलेजच्या कामाचा हाय, पाय तुटू देऊ नको."

"माझ्याकडं दोन हायेत, पण ते भांडायलेत."

मागून निलोफर नावाची एक लाजरी मुलगी पुढे आली. तिने खोका किलकिला केला. आत पाल होती. मी किंचाळून मागे सरले.

"मॅडम, आमच्यात कोळीच घावला न्हाई," ती खाली मान घालून म्हणाली. "म्हणून ही आणली. हिनंच खाल्ले असतील."

एव्हाना इनामदार सर धावत बाहेर आले होते. बरण्या पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अल्लाह मेहेरबान! तहसीन मॅडम, अजून वेळ आहे. हुसेन, शिडी आण! टांगून टाका सगळे आपापल्या जागी!"

मामू शिडी घेऊन हजर झालेच. सर माझ्या कानाशी आले. "कोळ्यासारखा कोळी, बेटा. कुणाला कळणार आहे?"

खरं सांगते, एक क्षण माझं मन डळमळलं. सगळं समोर होतं, शिडी, कोळी, कोपरे. नेलपॉलिशची बाटलीही माझ्या पर्समध्ये होती. मी उपळेकर मॅडमकडे पाहिलं. त्या कुंडीतल्या झेंडूकडे बघत होत्या. त्यांनी माझ्याकडे मुद्दामच बघितलं नाही, हे मला कळलं.

"नाही, सर," मी म्हणाले. "हे इथले कोळी नाहीत. यांच्याबद्दल मला काहीच माहीत नाही. कुठले, काय खातात, किती दिवसांचे..."

"मला माहीत हाय की," शबनूर मध्येच म्हणाली. तिला बोलायला निमित्त लागतच नसे. "ह्यो आमच्या न्हाणीतला. रांजणाच्या मागं राहतो. त्याच्या खाली मच्छरांचे नुसते पंख पडल्याले असतात, मॅडम, रोज झाडून काढते मी. आमच्या दादीमाला उन्हाळ्यात दुसरीकडं झोपच लागत न्हाई. न्हाणीच्या दाराशीच अंथरूण घालती, म्हणती हितं कोण चावत न्हाई."

"आमच्यात बी तसंच," दुसरी म्हणाली. "माजघरात हायेत तर मच्छर न्हाईत. बैठकीत ईदेला रंग दिला, तवापास्नं बैठकीत बसवत न्हाई."

"आणि तुमच्यात, निलोफर?" मी विचारलं.

"आमच्यात पाली लई. कोळी न्हाईत," ती म्हणाली. "गेल्या साली घरात चौघांना डेंग्यू झाला, मॅडम."

मी तिथंच पायरीवर बसले. मग एकदम उठले आणि ओरडले, "कुणीही झाकण उघडायचं नाही! बरण्या हातातच ठेवा. मामू, शिडी ठेवून द्या. सर, हॉल उघडा. मुलींनो, सगळ्या हॉलमध्ये!"

"आणि काय करायचं?" सरांनी विचारलं.

"काही नाही. उभं राहायचं."

कमिटी ठरल्या वेळी आली. अध्यक्ष डॉ. घारपुरे, उंच, कपाळावर कायमची आठी, आणि त्यांच्याबरोबर टिपणं घेणारे एक तरुण सभासद. इनामदार सरांनी गुलाबपाणी शिंपडलं, शाली पांघरल्या, नारळ दिले. भाषणासाठी त्यांनी घसा खाकरला तेवढ्यात घारपुरे म्हणाले, "आधी काम बघू या. कोळी कुठे आहेत?"

मी सांगून टाकलं. "सर, काल झाडून टाकले. तुम्ही येणार म्हणून कॉलेज स्वच्छ केलं आणि त्यात माझे सगळे कोपरे गेले. नोंदी आहेत, पण दाखवायला एकही कोळी उरला नाही."

इनामदार सर शालींच्या रिकाम्या खोक्याकडे बघत राहिले. तरुण सभासदाने लिहिणं थांबवलं. घारपुरे छताकडे बघत होते, भिंतीकडे बघत होते. त्यांच्या कोटाच्या बाहीला पिस्ता रंग लागला होता, तो त्यांनी तेव्हाच पाहिला.

"मग आम्ही काय बघायचं?" ते म्हणाले.

"या मुलींशी बोला, सर. हॉलमध्ये आहेत."

हॉलच्या दारात ते थबकले. भिंतीच्या कडेने मुली बरण्या घेऊन उभ्या होत्या. घारपुरे पहिल्या मुलीपाशी गेले, चष्मा वर केला, बरणी उजेडात धरली.

"हा कुठला?"

"आमच्या चुलखंडावरचा, सर. धूर झाला की वर जातो, चूल विझली की खाली येतो."

"तू बघितलंस?"

"रोज भाकऱ्या मीच करते की, सर."

ते पुढच्या मुलीकडे गेले, मग तिच्या पुढच्या. आधी एकेकच प्रश्न विचारत होते, मग उभ्या उभ्या गप्पाच मारायला लागले. कपाळावरची आठी कुठे गेली कळलंच नाही. कुणाच्या घरी पाणी साठवायची हौदी, कुणाकडे रांजण, कुणाकडे गच्चीवर टाकी. कोळिणीच्या पाठीवर पिल्लं आहेत की तोंडात अंड्यांची पुंजकी धरलीय, कुठल्या खोलीत डास आहेत, कुठल्या नाहीत, आजारी कोण पडलं आणि ते कुठं झोपायचं. मुली एकमेकींना अडवून बोलत होत्या. निलोफरने पाल दाखवली तेव्हा घारपुऱ्यांनी ती चक्क हातात घ्यायला मागितली.

शबनूरपाशी ते बराच वेळ उभे राहिले.

"न्हाणीतला, म्हणालीस. मी तुमच्या घरी तपासणीला आलो असतो तर?"

"चहा दिला असता, सर. बाहेरच्या खोलीत."

"आणि न्हाणी?"

"अगं बया! न्हाणीत कसं काय येणार तुम्ही?" शबनूर इतकी मनापासून दचकली की सगळा हॉल हसला. घारपुरेही हसले, तोंडावर हात ठेवून.

मग ते माझ्याकडे वळले. "आम्ही एका शहरात डेंग्यूची पाहणी केली होती. पगारी माणसं नेमली, ओळखपत्रं दिली. लोकांनी चहा पाजला आणि बैठकीतूनच परत पाठवलं. डास मोरीत, माणसं आजारी आतल्या खोलीत, आणि आमच्याकडे माहिती बैठकीची." त्यांनी हातातली बरणी शबनूरला परत दिली. "तुमचा प्रस्ताव मी नामंजूर करतोय, अत्तार मॅडम."

इनामदार सर "सर, सर" म्हणत पुढे आले.

"थांबा हो," घारपुरे म्हणाले. "तो एका इमारतीचा आहे. एका इमारतीचं काम कुणीही करेल. मला गावाचा लिहून द्या. घरन्‌घर, खोलीन्‌खोली. मोजणारी माणसं म्हणून या मुलींची नावं घाला, आणि त्यांचं मानधनही धरा. फुकट राबवायचं नाही. आठवडाभरात पाठवा, मी मंजुरीसाठी स्वतः मांडतो."

मुलींना नीट काही कळलं नव्हतं, पण मानधन हा शब्द कळला. एकच कालवा झाला.

"म्हणजे मिळालं का नाही?" इनामदार सर मला विचारत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मिळेल, प्राचार्य," घारपुऱ्यांनीच उत्तर दिलं. "फक्त गावात कुणाला रंग द्यायला सांगू नका."

दुपारी कॉलेजात बिर्याणी झाली. सरांचं भाषणही झालं, कुणी ऐकलं नाही ही गोष्ट वेगळी. मुली आपापल्या बरण्या छातीशी धरून घरी गेल्या, कोळी जिथून आणले तिथंच सोडायचे असं त्यांना बजावून सांगितलं होतं. निलोफर पालही परत घेऊन गेली.

संध्याकाळी मी मॅडमना सोडायला स्टँडवर गेले. आम्ही बाकावर बसलो होतो, पुण्याची गाडी यायची होती. माझी बडबड थांबत नव्हती. मुलींना कसं शिकवायचं, कुठली गल्ली आधी घ्यायची, भावाला फोन करून कसं चिडवायचं. मॅडम ऐकत होत्या.

"मॅडम, सकाळी तुम्ही माझ्याकडे बघितलं का नाही? मी तेव्हा कोळी टांगले असते तर?"

"तर मी काही बोलले नसते."

"का?"

मॅडमनी शबनम मांडीवर घेतली. "तुला एक सांगायचंय. काल मी पुण्याहून निघाले ती तुझी कमिटी बघायला नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत जागा रिकामी आहे. त्याच्याशी मी बोलून ठेवलं होतं. कमिटी झाली की तुला सांगणार होते, पोरी, इथून निघ. तू चांगली आहेस, पण या जागेत काही होणार नाही. इतकी वर्षं मी नव्या मुलांना हेच सांगत आले. लहान गावातून निघा, मोठ्या ठिकाणी जा. तुलाही तेच सांगणार होते. तुझ्या कोपऱ्यांवर माझा कधी विश्वासच नव्हता, तहसीन. मला फक्त तू मेहनती वाटत होतीस."

चार महिने दर गुरुवारी ज्यांच्या फोनची मी डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होते, त्यांना मनातून हे वाटत होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मला हसूच फुटलं, आणि मग त्यांनाही.

"मग आता सांगा," मी म्हणाले. "निघू?"

"आता कशाला निघतेस?" त्या म्हणाल्या. "उलट मला सांग, इथे एखादी खोली मिळेल का भाड्याने?"

"कुणाला?"

"मला. तू एकटी काय काय करणार? या पोरींना मोजायला कोण शिकवणार? माझं पुण्यात काय अडलंय, दोन कुंड्या आणि एक पेपर."

"मॅडम, इथं एकट्या बाईला खोली देतील, पण स्वयंपाक करू देणार नाहीत. रोज एका घरून डबा येईल आणि दर शुक्रवारी कुणीतरी जेवायला ओढून नेईल."

"मी मटण खात नाही."

"ते तुम्ही त्यांना सांगून बघा."

पुण्याची गाडी आली. धूळ उडवत फलाटाला लागली, माणसं दाराशी गर्दी करून चढली. कंडक्टरने वाकून विचारलं, "पुणे, पुणे, कोण हाय का?" आणि थोडा वेळ आमच्याकडे बघत थांबला.

मॅडमनी शबनम काखेत नीट सावरली आणि बाकावर मागे टेकून बसल्या. "जाऊ द्या हो गाडी," त्या त्याला म्हणाल्या, "आम्हाला इथंच काम आहे."